समोरून कसं ऐकू येतं

"एवढ्या वेळात लोक नवरा पसंत करतात," काउंटरखाली वाकलेला दुकानदार स्वतःशीच पुटपुटला. पण ते दुकान इतकं चिंचोळं, की तिथं स्वतःशी पुटपुटायची सोयच नव्हती.

"म्हणूनच फसतात," ताई म्हणाली. "मी नाही केला पसंत कुणाला, बघा कशी मजेत आहे. तो खालचा खण काढा ना."

दुकानदार गुडघ्यावर हात टेकत उठला आणि त्याने तिसरा खण काउंटरवर ठेवला. आत कप्पे कप्पे, आणि प्रत्येक कप्प्यात गिटारच्या तारा छेडायच्या पिक. पातळ, जाड, टोकदार, बोथट, एकीला बारीक भोकं पाडलेली, एक तर समोशासारखी तिकोनी. नखाएवढी ती वस्तू, पण तारेला लागते तीच. गिटार कितीही भारी घ्या, तारेवर शेवटी काय घासलं जातं त्यावर आवाज ठरतो. हे ताईला कुणी शिकवलं नव्हतं. तिला गिटारमधलं काहीच कुणी शिकवलं नव्हतं.

दर रविवारी दुपारी एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये चौघांचा बँड वाजवायचा, त्यात ताई गिटारवर होती. अठ्ठावीस वर्षं. बोटं नाचवून टाळ्या घ्यायची गिटार नव्हे. गाण्याच्या मागे ताल धरून ठेवायची. भिंतीवरचा फोटो सगळे बघतात, खिळ्याकडे कुणी बघत नाही, पण म्हणून खिळ्याला काही कमीपणा नसतो, असं तिचं मत होतं. या अठ्ठावीस वर्षांत तिने एकाच जातीची पिक वापरली: तपकिरी, पाऊण मिलिमीटरची. एक झिजली की तशीच दुसरी. आणि आता तीन महिन्यांत ही तिची सातवी फेरी.

"हल्लीचा माल गुळगुळीत येतो," ती म्हणाली. "हातात ठरत नाही."

"येतो खरा गुळगुळीत," दुकानदार म्हणाला आणि पुसलेलीच काच पुन्हा पुसायला लागला.

तिने एक काळी पिक निवडली. जाड, दोन्ही अंगांनी खरखरीत, काडेपेटीच्या बाजूसारखी. दुकानदाराने ती काउंटरवर काढून ठेवली, पण ताईला ती उचलता येईना. अंगठा नि तर्जनी दोनदा नुसत्याच एकमेकांना भेटून परत आल्या. शेवटी तिने ती पिक घसरवत काउंटरच्या कडेपर्यंत आणली आणि खाली तळहात धरून त्यात पाडली. हे सगळं तिने गप्पा मारत मारत केलं. दुकानदारही त्या वेळी पंख्याकडे बघत होता. पंखा बंद होता.

कोपऱ्यातल्या गिटारवर तिने काळी लावून पाहिली. आवाज भरीव आला, पण बसका. घोंगडी पांघरून बोलल्यासारखा. मग तपकिरी. तो तिचा आवाज होता, स्वच्छ, किंचित खणखणीत. तिसऱ्या ठोक्याला पिक फिरली आणि आडवी लागली.

"काळी हातात राहते, पण गात नाही," ती म्हणाली. "तपकिरी गाते, पण राहत नाही. आता काय करू, सांगा."

"घरी दोन्ही वाजवून बघा. चार दिवसांनी कळेल."

"घरी नाही कळत हो." तिने हातातली गिटार पोटाशी ओढली. "गिटार आपल्या पोटाशी असते. आपल्याला ऐकू येतं ते वेगळं, समोरच्याला जातं ते वेगळं. समोरून ऐकायला समोर कुणीतरी लागतं."

दुकानदाराने फडकं खाली ठेवलं.

"रविवारी या ना हॉटेलात," ती एकदम म्हणाली. "पहिला भाग काळीने वाजवते, दुसरा तपकिरीने. तुम्ही मागच्या टेबलावर बसा आणि मला खरं काय ते सांगा. सूप माझ्याकडून."

"नुसतं सूप?"

"बरं, पावही खा."

ताईचं घर तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं. दोन खुर्च्या होत्या, त्यातली एक गिटारची. येणारं-जाणारं कुणी नसल्यामुळे गिटारला कधी उठावं लागत नसे. ताईने जेवणाच्या टेबलावर तीन महिन्यांतल्या सगळ्या पिक मांडल्या, आणि एकेक घेऊन तेच चार सूर वाजवले. मग फोनवर ते टिपून ऐकले. फोनमध्ये सगळ्याच पिक सारख्या ऐकू आल्या: डबा वाजवल्यासारख्या.

धाकट्या बहिणीचा फोन आला. ती लांब राहायची, आठवड्यातून एकदा करायची.

"काय करतेस?"

"पिक बघतेय."

"अजून? सापडेल गं एखादी. बरं, तुमच्याकडे थंडी आहे का? थंडीत बोटं अशीच आखडतात."

"आहे ना, थंडी आहे," ताई म्हणाली. खिडकी सताड उघडी होती आणि ती बिनबाह्यांच्या झग्यात बसली होती.

खरं तर थंडीचा प्रश्न लाँड्रीत निकालात निघाला होता. दिवसा ताई लाँड्रीत कामाला. आलेल्या कपड्यांना नंबराची चिठ्ठी पिनने लावायची. एक दिवस मालकीणबाई पांढरा शर्ट हातात घेऊन आल्या. कॉलरवर लाल ठिपके, एक-दोन नव्हे, चांगले पाच. ताईने आपला उजवा अंगठा बघितला. पिन टोचली होती. कधी टोचली ते तिला आठवेना, कारण आठवायला आधी कळावं लागतं. मालकीणबाई शर्टकडे बघत म्हणाल्या, "या पिनाच धड नाहीत मेल्या, दुसऱ्या मागवते." दुसऱ्या पिना आल्या. ताईने त्या बदलल्या, तशीच पिकही बदलत राहिली. अख्खं जग तिच्यासाठी सामान बदलायला तयार होतं.

बँडमध्येही तसंच. नवी पिक आणली की वाजवून झाल्यावर ती विचारायची, "आज कसा होता आवाज?" की-बोर्डवाले मास्तर म्हणायचे, "वा! आज गोलाई होती." गाणारी पोरगी, पोरगी म्हणजे तीस-बत्तीसची, गळ्यात पडून म्हणायची, "ताई, भारी गं." ड्रम वाजवणारा ठोक्या तेवढा काही बोलत नसे. पण तो एरवीही बोलत नसे. अठ्ठावीस वर्षं तिच्या उजव्या कानाशी बडवत होता, त्यातच त्याचं बोलणं व्हायचं.

रविवारी हॉल निम्मा भरला होता. दुकानदार इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि अगदी मागच्या टेबलावर अंग चोरून बसला. ताई आपल्या स्टुलावर बसली. तिच्या पायाशी तिचा छोटा स्पीकर असायचा, तिला स्वतःची गिटार ऐकू यावी म्हणून. हॉलमध्ये जायचा तो आवाज वेगळ्या वायरने मास्तरांच्या बाजूच्या, प्रत्येकाचा आवाज कमीजास्त करायच्या मिक्सरवर जायचा, आणि तिथून भिंतीवरच्या मोठ्या स्पीकरांत.

पहिला भाग काळीने ठीक गेला. मधल्या सुट्टीत तिने दुकानदाराकडे पाहून भुवया उंचावल्या. त्याने चमचा वर केला. त्याचा काय अर्थ घ्यायचा ते तिला कळलं नाही.

दुसऱ्या भागात तिने काळी कुर्त्याच्या खिशात टाकली आणि तपकिरी घेतली. पहिलं गाणं असं वाजलं, की तिला स्वतःचाच हेवा वाटला. कित्येक दिवसांनी तो आवाज, धुतलेल्या काचेसारखा. दुसऱ्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात तिची पिक गेली. हातातून निसटल्याचं तिला जाणवलंही नाही. तार मुकी झाली तेव्हा कळलं. पिक गिटारच्या भोकातून पोटात पडली होती आणि आत खुळखुळत होती.

काळी खिशात होती. ताईने हात घातला. खिशात रुमाल होता, किल्ली होती, आणि नखाएवढी एक वस्तू होती जी बोटांना सापडत होती की नव्हती हे बोटं सांगायलाच तयार नव्हती. तिने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्यांदा रुमाल बाहेर आला. मग समोरच्या टेबलावरचं एक कुटुंब बघतंय असं वाटून तिने हात परत तारांवर नेला आणि नुसताच हलवला. वर, खाली, वर, खाली. तारांना न लागता. पिक नसलेली दोन बोटं चिमटीत धरून.

कुणी वळून पाहील, असं तिला वाटलं. मास्तर खाडकन मान फिरवतील. पोरगीचा सूर क्षणभर डगमगेल. भिंतीतून खिळा निघाला की फोटो पडतोच ना?

गाणं तसंच चालू राहिलं. कडवं संपलं, धृपद आलं, मास्तरांनी डोळे मिटून मान डोलावली. पुढचं गाणंही झालं. त्याच्या पुढचंही. ताई चार गाणी हवेत वाजवत राहिली आणि लोकांनी प्रत्येक गाण्याला टाळ्या दिल्या.

संपल्यावर ती मागच्या टेबलापाशी गेली. दुकानदार उठून उभा राहिला.

"बोला," ती म्हणाली. "काळी की तपकिरी?"

"तपकिरी," तो लगेच म्हणाला. घरून पाठ करून आल्यासारखं. "दुसरा भाग काय सुरेख वाजवलात! तोच तुमचा आवाज, बाई. तपकिरीच ठेवा."

ताईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. माणूस चांगला होता. सूप तसंच उरलेलं होतं, वर साय धरलेली.

"पाव नाही खाल्लात," ती म्हणाली.

"भूक नव्हती तशी." तो रुमालाने हात पुसत राहिला. मग दुकान उघडायचंय, असं काहीतरी म्हणाला आणि निघून गेला. रविवारी त्याचं दुकान बंद असायचं.

ती स्टेजकडे परत आली. गाणारी पोरगी धावत येऊन बिलगली. "ताई, आज नवी पिक ना? काय गोड वाजत होती गं शेवटी शेवटी!"

"गोलाई होती," वायर गुंडाळत मास्तर म्हणाले.

ताई त्यांच्या बाजूने मिक्सरपाशी गेली. अठ्ठावीस वर्षांत ती कधी तिकडे फिरकली नव्हती. ते मास्तरांचं राज्य. बटणांची ओळ होती आणि प्रत्येकाखाली पेनाने लिहिलेलं: गाणं, की-बोर्ड, ड्रम, गिटार. गिटारचं बटण शून्यावर होतं. चुकून कुणाचा हात लागून सरकू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली होती. पट्टी आजची नव्हती. कडा करड्या झाल्या होत्या, त्यांना लोकरीचे तंतू आणि धूळ चिकटली होती. निदान दोन-तीन महिन्यांची.

तिने मागे वळून बघितलं. मास्तरांची वायर गुंडाळून झाली होती, तरी ते गुंडाळतच होते. पोरगी फोनमध्ये डोकं घालून उभी होती. ठोक्या ड्रमचा एकच स्क्रू फिरवत होता, आधी इकडे, मग तिकडे.

म्हणजे हे असं चालू शकत होतं. ताईच्या ध्यानात आलं, की हे अगदी आरामात चालू शकत होतं. तिने पट्टी पाहिलीच नाही असं करायचं. पुढच्या रविवारी नवी पिक आणायची, स्टुलावर बसायचं, आवाज कसा होता विचारायचं. मास्तर गोलाई म्हणतील, पोरगी गळ्यात पडेल. वाजवून झाल्यावर चौघांनी स्वयंपाकघराच्या दाराशी उभ्याने चहा प्यायचा, मास्तरांनी तोच जुना विनोद सांगायचा, तिने ठोक्याच्या कपातली साखर चाखून नावं ठेवायची. आठवड्यातली ही एक दुपार. बाकी सहा दिवस ती लाँड्रीत नंबरांशी बोलायची आणि घरी खुर्चीशी. एक शब्द बोललं की ही दुपार हातची जायची. गिटार वाजवत नाही अशा बाईला बँडमध्ये कोण कशाला बोलावेल?

"चहा आलाय," स्वयंपाकघरातून कुणीतरी हाक मारली.

"चला, चला, चहा," मास्तर घाईने म्हणाले. चहाने त्यांची सुटका केल्यासारखे. "ताई, पुढच्या वेळी ती दुसरी कंपनी बघा. परवा कुणीतरी म्हणत होतं, तिच्या पिकला पकड चांगली असते."

"पकड," ताई म्हणाली.

"हां, म्हणजे हल्लीचा माल..."

"मास्तर, वायर ठेवा खाली."

त्यांनी ठेवली. ठोक्याचा स्क्रू थांबला. ताईने गिटार उलटी धरून हलवली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा तपकिरी पिक भोकातून निघून लाकडी फळीवर पडली. ती उचलायला पोरगी पटकन वाकली.

"राहू दे," ताई म्हणाली. ती स्वतः खाली बसली. अंगठा आणि बोट पिकवर ठेवून तिने चिमटीत धरली, उचलली, ती पडली. पुन्हा धरली, पुन्हा पडली. सगळे बघत होते आणि या वेळी कुणाला पंखा सापडला नाही. पाचव्यांदा तिने हात मांडीवर ठेवला.

"पिकचं काही चुकलेलं नाही," ती खाली बसल्या बसल्याच म्हणाली. "कुठलीच पिक वाईट नव्हती. माझ्या अंगठ्याला काही कळत नाही. मला आता वाजवता येत नाही."

पोरगीच्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण ताईने मान हलवली. तिचं संपलं नव्हतं. उरलेलं तिने स्वतःलासुद्धा कधी म्हटलं नव्हतं.

"आणि रविवारी जायला मला दुसरं कुठलं ठिकाण नाही रे," ती म्हणाली.