अवेळची अजान

तूरान खानमने वाडगा पाण्यात बुडवला, कोपर घालून पाण्याची ऊब पुन्हा एकदा पाहिली आणि मोनीरेच्या कमरेवर सावकाश धार सोडली. वाडग्याच्या काठाला लोंबणाऱ्या चाळीस पितळी किल्ल्या एकमेकींवर किणकिणल्या.

"पाणी बेताचं आहे ना?"

मोनीरेने मान हलवली. हवा भरून फुगवलेल्या रबरी हौदाच्या काठावर तिने दोन्ही हात टाकले होते आणि हातांवर हनुवटी. कळ आली की ती डोळे मिटून घेई आणि नाकातून एक लांब, खालच्या पट्टीतला सूर सोडी. कळ ओसरली की पाण्यात अंग सैल टाकून देई. माडीवरच्या बैठकीतला गालिचा गुंडाळून भिंतीशी उभा केला होता. न्हाणीघराच्या नळाला जोडलेली नळी अजून फरशीवर तशीच पडलेली होती. खिडकीचा पडदा ओढलेला. सकाळचे दहा वाजत होते, पण खोलीत तिन्हीसांजेसारखी शांतता होती.

ही शांतता तिने मागून घेतली होती. लग्नाच्या आठ वर्षांत नवऱ्याकडे, यहयाकडे, मागितलेली ही एकच गोष्ट. थोरल्या लेकीच्या, होदाच्या, वेळी मोठ्या इस्पितळात तिचे पाय पट्ट्यांनी बांधले होते, आणि ती किंचाळली तेव्हा तिथली बाई म्हणाली होती, "आता कशाला ओरडतेस? तेव्हा नव्हतीस ओरडली!" दालनभर हशा. पोर झाली, गोड झाली. पण ते हसणं चार वर्षं मोनीरेच्या कानातून गेलं नाही. तूरान खानम तीस वर्षांची जुनी, परवान्याची सुईण. पाण्यात बाळंतपण करते असं कळलं, तेव्हा मोनीरे तिच्या दाराशी जाऊन एवढंच बोलली होती : "माझ्यावर कुणी ओरडायचं नाही. मग मीही ओरडणार नाही."

सकाळी सासूबाई, मोहतरम खानम, गुलाबपाण्याची बाटली घेऊन आल्या होत्या. यंदाच्या फुलांचं, पहिल्या भट्टीचं.

"दोन थेंब टाकते हौदात. लेकरू सुगंधी येईल."

"खानम, ही बाळंतीण आहे, केशरी खीर नाही," तूरान म्हणाली.

मोनीरे दोन कळांच्या मध्ये इतकी हसली की पाणी फरशीवर सांडलं. मोहतरम खानमही हसल्या, पण बाटली पदराआड घेऊन दारातच घोटाळल्या. अडलेलं मोकळं व्हावं म्हणून बाळंतिणीवर पाणी घालायचा हा चाळीस किल्ल्यांचा वाडगा त्यांच्याच माहेरचा. तो तूरानच्या हाती देताना त्यांनी त्याचं चुंबन घेतलं होतं.

"आता मी हाक मारीपर्यंत या दाराला कुणी हात लावायचा नाही," तूरानने बजावलं.

"आणि तू हाक मारलीच नाहीस तर?"

"तर सगळं सुरळीत आहे असं समजायचं."

दार लागलं त्याला आता चार तास झाले होते.

तूरानची मदतनीस एल्हाम, कोवळी पोरगी, पण हात हलका. तिने पाण्याखाली पोटाला यंत्र लावलं. बाळाचे ठोके खोलीत घुमले. दुडक्या चालीने घोडं निघावं तसे.

"हात खाली ने," तूरान मोनीरेच्या कानाशी म्हणाली. "घाबरू नकोस. बघ काय लागतंय."

मोनीरेच्या बोटांना काहीतरी ओलं, मऊ, सुरकुतलेलं लागलं.

"केस!"

"मग? टकलू हवा होता?" एल्हाम हसली.

"दोन कळा," तूरान म्हणाली. "फार तर तीन. आणि मग तूच त्याला वर घ्यायचंस. मी नुसती बघणार."

मोनीरेने कपाळ काठावर टेकलं. पुढची कळ दूरवरून निघाली होती. ती येताना तिला कळत होती, आणि तिला तिची भीती वाटत नव्हती.

त्याच वेळी गच्चीवरून आवाज उठला.

पहिल्या क्षणी तिला हर्षच झाला. हा आवाज आगाजानचा, तिच्या सासऱ्यांचा! हाज रजबअली चाळीस वर्षं करबलाची आख्यानं गात आले होते. तान्ह्या बाळाच्या तहानेचा प्रसंग ते गाऊ लागले की दगडाला पाझर फुटे. मोनीरेला मागणी आली तेव्हा तिने यहयाकडे धड पाहिलंही नव्हतं. चौकातून येणाऱ्या या आवाजावर तिने होकार दिला होता. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि तो आवाज गेला. आता तोच आवाज भरल्या कंठाने अजान देत होता, पूर्वीसारखा, किंबहुना पूर्वीपेक्षा आर्त.

मग तिची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे गेली. सव्वादहा.

सव्वादहाला कुठली नमाज?

सहा-सात वर्षांची असताना तिने अशी अवेळची अजान एकदा ऐकली होती. शेजारची नवी सून तीन दिवस अडली होती, आणि सगळे उपाय हरले तेव्हा तिचा बाप अजान द्यायला गच्चीवर चढला होता. आईने हातातली कणीक तशीच टाकून आभाळाकडे हात पसरले होते. संध्याकाळी त्या घरातून जनाजा निघाला.

"तूरान खानम, माझं बाळ गेलं का?"

"काय वेड्यासारखं! ठोके ऐक. हे बघ, ऐक ना..."

"तुम्ही माझ्यापासून लपवताय. आगाजानना सांगितलंत, मला नाही सांगितलंत."

"कुणी काही सांगितलं नाही. तुझा आवाज बाहेर गेला नाही म्हणून घाबरलेत ते. मोनीरे, माझ्याकडे बघ."

पण अजान थांबत नव्हती. संपली की पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. मोनीरे काठ घट्ट धरून बसली, आणि येऊ घातलेली ती कळ आलीच नाही. अर्ध्या वाटेवरून माघारी फिरली. पाणी तेच, ऊब तीच. आत मात्र सगळं मिटून गेलं. पाच मिनिटं गेली, दहा गेली. खाली फाटक वाजलं, चपलांचा खच पडला, जिन्यात बायकांचे हुंदके चढू लागले. सगळी गल्ली धावून आली होती, आणि खरोखर पोटातून रडत आली होती. कुणीतरी अँब्युलन्सला फोन केला होता.

दार उघडलं. गार वारा पाण्यावरून गेला. एल्हामने चादर तिच्या अंगावर टाकली तोवर दोन परके पुरुष आत आले होते. त्यांच्या मागे मोहतरम खानम छाती पिटत म्हणत होत्या, "माझी धाकटी बहीणसुद्धा अशीच गप्प झाली होती! अश्शीच!"

"बाहेर!" तूरान पहिल्यांदाच ओरडली. "डोकं दिसतंय बाळाचं! बाहेर व्हा!"

मग तिनेच यंत्र पोटाला लावलं. घोडं लंगडू लागलं होतं. तूरानने एका कळेची वाट पाहिली, दुसरीची पाहिली. कळ नव्हतीच. तिने यंत्र खाली ठेवलं, मोनीरेचा ओला चेहरा दोन्ही हातांत धरला, आणि त्या पुरुषांना म्हणाली, "उचला."

इस्पितळात तिचं पोट फाडून मुलगा काढला. सव्वातीन किलोचा, धडधाकट.

दहाव्या दिवशी न्हाण होतं. खालच्या चौकात सकाळपासून तुपात पीठ भाजल्याचा, केशराचा आणि गुलाबपाण्याचा वास भरला होता. बाळंतिणीचा शिरा कढईभर झाला होता. मोहतरम खानम येणाऱ्या प्रत्येकीला तेच सांगत होत्या, आणि दर खेपेला ते थोडं वाढत होतं. "चार तास अडली होती पोर. ही सुईण हूं की चूं करेना. हाजी गच्चीवर चढले, दोन वर्षांचा गेलेला आवाज अल्लाने परत दिला, आणि त्या आवाजाने माझा नातू जगात आला." बायका ओच्याने डोळे टिपत होत्या. येत्या मोहर्रमला हाजींनी पुन्हा गायचं, असं गल्लीने ठरवूनही टाकलं होतं.

मोनीरेने एकच हट्ट धरला होता : डोक्यावर पाणी तूरान खानमनेच घालायचं. रीतीने तो मान सुईणीचा असतो. सासूबाईंनी तोंड वाकडं केलं.

तूरान आली, टाके पाहिले, बाळाची बेंबी पाहिली. मग पिशवीतून एक कोरा कागद काढून तिने तो गादीवर ठेवला.

"माझं काम बंद केलंय. अँब्युलन्सवाल्यांनी लिहून दिलंय की डोकं अडकलेलं होतं, मी घरच्यांपासून लपवलं. परवा चौकशी आहे."

"मी काय करू?"

"झालं ते लिही. कमी नको, जास्त नको."

"आणा पेन."

"विचार करून लिही हो. ते सगळ्यांसमोर वाचतील. हाजींना बोलावतील."

"बोलावू देत," मोनीरे म्हणाली. तिने पेन घेतलं. कागद मांडीवर ओढला आणि पहिली ओळ लिहिली : ठोके चांगले होते. बाळाचे केस माझ्या हाताला लागले होते.

जिन्यात खाकरल्याचा आवाज आला. "या अल्लाह," हाजींनी रीतसर वर्दी दिली. मोनीरेने कागद उशीखाली सारला. तूरान वाडगा उचलून न्हाणीघरात गेली. दार तिने अर्धवट लोटलं, आणि नळ सोडला.

आगाजान आत आले, पण बाळाकडे न जाता भिंतीशी उकिडवे बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. शस्त्रक्रियेचा व्रण गळ्यावर दोरीसारखा दिसत होता.

"लेकी, एक विचारू? खरं सांगशील?"

"विचारा ना, आगाजान."

"खाली तुझी सासू काय सांगतेय ते मी ऐकतो रोज. पण त्या दिवशी जिन्यात तूरान खानम माझ्याकडे बघून गेली. बोलली काही नाही. नुसती बघून गेली." त्यांनी टोपी फिरवली. "दहा रात्री झोप नाही मला. चाळीस वर्षं मी लोकांना रडवलं, पण ते त्यांचं मन हलकं व्हावं म्हणून. माझ्या गळ्याने कुणाचं वाईट झालं असेल, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. मोहर्रमलाही नाही. तू सांगशील ते खरं."

नळ बंद झाला होता. न्हाणीघरातून काहीच ऐकू येत नव्हतं.

मोनीरेने त्या व्रणाकडे पाहिलं, मग टोपी फिरवणाऱ्या बोटांकडे. उशीखालच्या कागदाचा कोपरा तिच्या मांडीला टोचत होता. तिने तो आत ढकलला.

"तुमचा आवाज ऐकला," ती म्हणाली, "आणि मला धीर आला, आगाजान."

म्हाताऱ्याचा चेहरा आधी सुरकुतला, मग उजळला. ते उठले, तिच्या मस्तकावर हात ठेवला, बाळाच्या कपाळाला ओठ लावले आणि डोळे पुसत जिना उतरून गेले.

बऱ्याच वेळाने न्हाणीघराचं दार उघडलं. "चल," तूरान म्हणाली. "पाणी निवेल."

मोनीरे तिवईवर बसली. तूरानने तिचे केस सोडले, पोटावरच्या टाक्यांवर घडी करून फडकं धरलं आणि वाडगा भरला. एक, दोन, तीन... दर वाडग्याला ती रीतीप्रमाणे पुटपुटत होती, एकही शब्द न गाळता. किल्ल्या किणकिणत होत्या. तिचा हात पहिल्यासारखाच हलका होता. एवढंच मोनीरेला सोसवेना.

"पाणी बेताचं आहे ना?"

मोनीरेने मान हलवली.

अंग पुसून, डोक्याला पांढरा रुमाल बांधून तूरानने तिला गादीवर बसवलं. मग उशी उचलली, कागद घेतला. लिहिलेली एक ओळ वाचली. त्याची घडी घातली, घडीवर घडी, ताइतात घालायच्या चिठ्ठीएवढी बारीक केली आणि ती पिशवीत टाकली.

पेन मोनीरेच्या हाताशीच होतं. तूरान आपली पिशवी बंद करीपर्यंत उभी होती. म्हटलं तर तेवढा वेळ पुष्कळ होता. मोनीरेने पेन उचललं, त्याचं टोपण लावलं आणि तिच्यापुढे धरलं.

"तुमचं राहिलं."

"हो," तूरान म्हणाली. "टाक्यांना ओल लागू देऊ नकोस."

ती निघाली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज होऊ लागला, आणि तेवढ्यात खाली चौकात हाज रजबअलींनी गायला सुरुवात केली. बायकांचा गलबला एकदम विरला. तान्ह्या बाळाचा प्रसंग होता. बाप बाळाला दोन्ही हातांवर उचलून फक्त घोटभर पाणी मागतो, तो. दोन वर्षांत साचलेलं सगळं त्या आवाजात आलं होतं. खोटं काहीच नव्हतं त्यात. मोनीरेचे डोळे भरून वाहू लागले. शिऱ्याची वाटी घेऊन वर आलेल्या मोहतरम खानम दारातच थबकल्या आणि मागच्या बाईला म्हणाल्या, "बघ, कशी पाझरलीय पोर! उगीच नाही म्हणत मी, त्या आवाजाने तिला तारलं."

जिन्यातली पावलं थांबली होती. कडवं पुरं होईपर्यंत ती थांबलेलीच राहिली.

मग ती खाली उतरली, आणि फाटक वाजलं.