खालच्या वेढ्याचा आवाज

"आला! आला!" दौलतरावांनी हात वर केला.

मन्सूरभाईंनी करकचून ब्रेक दाबला. मागचा टेम्पोवाला शिव्या घालत बाजूनं निघून गेला.

"कुठून आला? पुढून का मागून?"

"पुढून. म्हंजी डावीकडून वाटतंय. का न्हाई? आता मलाच कळंना राव."

मन्सूरभाईंना तर काहीच कळेना. त्यांना ना पुढून ऐकू आलं होतं, ना मागून. त्यांनी तोंड गंभीर केलं, स्टिअरिंगवर बोटं वाजवली नि गाडी पुन्हा खड्ड्यात घातली. दौलतरावांचा हात पुन्हा वर.

पिंपळे गुरवात गाडीचं खालचं काम म्हटलं की लोक मन्सूरभाईंचं नाव घ्यायचे. काय वाजतंय ते हा माणूस नुसता गाडीत बसून सांगायचा. बुश असो, शॉकअप असो, नाहीतर स्प्रिंग. घरातलं माणूस पावलावरून ओळखावं तसा एकेक आवाज ओळखायचा. पण गेल्या दोन-तीन वर्षांत त्याच कानांनी दगा दिला होता. समोरच्याचं बोलणं कळायचं. ओठ दिसत असले तर नक्कीच. लोखंडाचे बारीक आवाज मात्र पार गेले होते. ही गोष्ट बायकोखेरीज कुणालाच ठाऊक नव्हती. हाताखालचा शेवटचा माणूस चाकणच्या कंपनीत लागला, तेव्हा मन्सूरभाईंना वाईट वाटायच्या ऐवजी सुटल्यासारखं झालं होतं. एकट्याचं पितळ कोण उघडं पाडणार?

गिऱ्हाइकांसाठी त्यांनी एक युक्ती काढली होती. मालकाला शेजारी बसवायचं नि सांगायचं, "आवाज आला की हात वर करा. आपल्या गाडीची नस आपल्याला कळली पाहिजे." लोक खूश व्हायचे. केवढा मोठ्या मनाचा मिस्त्री, म्हणायचे! आजवर निभावलं होतं. पण दौलतराव पडले घाबरट. डिकीतला पाना वाजला तरी हात वर, शेजारून बुलेट गेली तरी हात वर.

गॅरेजात येऊन मन्सूरभाईंनी गाडी जॅकवर चढवली. चाकं हलवली, शॉकअप पाहिले, बॅटरी लावून स्प्रिंगा पाहिल्या. दोन्हीकडं सारख्या. कुठं कलली नाही, कुठं काही लोंबत नाही. मग हा माणूस ऐकतोय तरी काय? का खरंच वाजतंय नि आपणच ठार बहिरे झालोय? काही समजेना. 'वहीम आहे तुमचा, बिनधास्त जा,' हे वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"उद्या स्वप्नालीला साताऱ्याला सोडायचीय," दौलतराव म्हणाले. "बाळाला घिऊन पयल्यांदा सासरी निघालीय पोरगी. खंबाटकीचा घाट हाय मधी. तुमी हो म्हणला की मी निगतो बगा."

झालं! ओठांवरचं वाक्य मन्सूरभाईंनी गिळलं. हो म्हणवेना नि नाही म्हणायला कारण सापडेना. त्यांनी उगाच घाम पुसला, गाडी खाली उतरवली नि म्हणाले, "जरा बाजूला घ्या."

दौलतरावांनी गाडीत बसून जागच्या जागी स्टिअरिंग फिरवलं. नेमकी तेव्हाच त्यांची बायको नजमुन्निसा मन्सूरभाईंचा डबा घेऊन फाटकातून आत येत होती. ती दचकून थांबली.

"क्या टूटा जी?"

मन्सूरभाईंनी तिच्याकडं पाहिलं. आपण चुकून बोलून गेलो, हे तिच्याही लक्षात आलं. ती घाईघाईनं डबा ठेवायला वळली.

"थांब," मन्सूरभाई म्हणाले. आता काय सांभाळायचं नि कशासाठी? "इथंच उभी राहा. आवाज आला की सांग. दौलतराव, फिरवा."

ते गुडघ्यावर बसले, चाकामागं हात घालून स्प्रिंग बाहेरून मुठीत धरली. चाक हळूहळू वळलं.

"आला," नजमुन्निसा म्हणाली, आणि त्याच क्षणी स्प्रिंगनं मुठीत उसळी मारली.

गाडी पुन्हा जॅकवर घेऊन, पाना सरसावून त्यांनी स्प्रिंग बाहेर काढली. खालच्या वेढ्यावरची रबराची नळी सरकवून चिखल पुसला, तर आत सळई तुटलेली. तुकडा स्प्रिंगखालच्या वाटीत गुमान बसून होता.

"स्प्रिंग दबते असं आपण म्हणतो," ते दौलतरावांना दाखवू लागले, "पण खरं तर ही सळई पिळली जाते. दर खड्ड्याला. इथला रंग उडाला, वाटीत पाणी साचलं, गंज लागला. गंजल्या जागी पीळ बसत राहिला की एक दिवस तटकन जाते. तुकडा वाटीतच राहिला म्हणून गाडी सरळ दिसत होती. घाटात निसटून टायरात घुसला असता तर..."

दौलतरावांचा चेहरा पांढरा पडला होता.

"एवढा मोठा आवाज, मन्सूरभाई. बाईंना फाटकातनं आला. तुमाला कसा न्हाई आला?"

"रहदारी किती असते भाऊ इथं..." नजमुन्निसा मध्ये पडली.

"मला ऐकू येत नाही, दौलतराव," मन्सूरभाई म्हणाले. "बरेच दिवस झाले."

दौलतरावांनी रस्त्यापलीकडच्या गॅरेजकडं एकवार पाहिलं. जायचं का राहायचं, त्यांचं ठरेना. मग ते स्टूल ओढून बसले आणि मुद्दाम समोर तोंड करून, मोठ्यानं म्हणाले, "नवी बशीवता ना?"

"दोन्हीकडच्या बसवतो. एक ताजी नि एक थकलेली, अशी जोडी चालत नाही."

काम उरकलं. चक्कर मारायला दौलतराव सवयीनं दार उघडू लागले, तर मन्सूरभाईंनी त्यांना हातानंच थांबवलं आणि नजमुन्निसाला बोलावलं. एवढ्या वर्षांत ती गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी बसली नव्हती. ओढणी सावरून ती अंग चोरून बसली.

नदीकडच्या खडबडीत रस्त्याला त्यांनी गाडी घातली. त्यांचं अर्धं लक्ष तिच्या चेहऱ्याकडं होतं.

"वाजतंय?"

"नाही."

"वळताना?"

"नाही जी. कायच नाही."

मन्सूरभाईंना हायसं वाटलं, आणि लगेच गलबलून आलं. मघाशी तुटकी असतानाही त्यांना गाडी अशीच शांत वाटली होती.

"मग काय ऐकू येतंय?"

नजमुन्निसानं खिडकीकडं कान केला. "इंजिनाची घरघर. मागून कोणतरी हॉर्न देतोय, बाजूला घ्या. शाळा सुटलीय, पोरं ओरडतायत. या किल्लीचं घुंगरू किणकिणतंय."

त्यांनी किल्लीकडं पाहिलं. घुंगरू हलत होतं खरं. मागच्याला वाट दिली. गॅरेजचं वळण आलं, तरी गाडी सरळच घेतली.

"अजून सांग," ते म्हणाले.