चाकोऱ्या

एप्रिलच्या शेवटी अंगणातलं बर्फ एकदाचं गेलं आणि खालच्या चाकोऱ्या जशाच्या तशा वर आल्या. रस्त्यापासून थेट घराच्या पायरीपर्यंत दोन लांब चर. डिसेंबर लागताना सलग पाऊस झाला होता, जमीन लोण्यासारखी मऊ होती, आणि गाडीवाटेवर लाइलने मागवलेल्या सरपणाचा ढीग पडला होता. म्हणून अँब्युलन्स हिरवळीवरून आत आली. दुसऱ्या दिवशी थंडी पडली, चिखल तसाच दगडासारखा गोठला आणि हिवाळाभर वर बर्फ साचत राहिलं. लाइलच्या बायकोला, मॅक्सीनला, त्या गाडीतून नेलं ते शेवटचंच.

व्हरमाँटच्या उत्तरेकडच्या त्या गावात जमीन गोठली की दफनभूमी बंद होते. हिवाळ्यात जे जातात त्यांना वसंताची वाट बघावी लागते. मॅक्सीनची शवपेटी दफनभूमीतल्या दगडी कोठडीत ठेवली होती. दफन मे महिन्यातल्या शेवटच्या शनिवारी ठरलं, आणि त्यानंतर सगळे जेवायला घरी यायचे होते.

त्याआधी चाकोऱ्या बुजायला हव्यात, एवढंच लाइलच्या डोक्यात होतं. दुसरं काहीच नव्हतं. डिसेंबरपासून त्याला रडू आलं नव्हतं, भूक लागत नव्हती, राग येत नव्हता. मुलगी कोरीन दर रविवारी फोन करून विचारायची, बाबा, बरे आहात ना? तो म्हणायचा, बरा आहे. खोटं नव्हतं ते. बधिर झालेल्या दाढेला विचारलं तर तीही बरी आहे असंच म्हणेल.

पण हिरवळ मॅक्सीनची होती. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिने त्या हिरवळीवर कुणाचं चाक लागू दिलं नव्हतं. पोस्टमनला वळसा घालून यावं लागे, पाद्रीबाबांनासुद्धा. लाइल नुसता हुकमाचा ताबेदार. ती खिडकीतून सांगायची, तो करायचा. आता सगळं गाव त्या चाकोऱ्या ओलांडून तिच्या नावाने जेवायला येणार, हे त्याला चालणार नव्हतं. का चालणार नव्हतं ते मात्र नीट सांगता आलं नसतं.

तर त्याने कामाला सुरुवात केली. दाताळ्याने सगळं अंगण विंचरलं, मेलेलं गवत ओढून काढलं, चाकोऱ्यांत काळी माती भरून सपाट केली. तेवढ्यात कोपऱ्यातलं फोर्सिथियाचं झुडूप पिवळं झालं. ते फुललं की तण रोखणारं खत टाकायचं, हे दरवर्षी मॅक्सीन सांगायची. यंदा सांगायला कुणी नव्हतं तरी त्याला आठवलं. त्याला जरा बरंही वाटलं असेल, पण ते आतपर्यंत पोचलं नाही. खताची गाडी ढकलत त्याने सगळ्या अंगणावरून फेऱ्या मारल्या. चाकोऱ्यांवर तर दोनदा.

मग गवताचं बी पेरलं. पेरल्यावर बी तुडवायचं असतं, नाहीतर ते मातीला धरत नाही आणि पाखरं खातात. हेही तिचंच. लाइल पाऊल आडवं ठेवून, टाचेला टाच लावत, दोन्ही चाकोऱ्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तुडवत गेला. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घातलं.

मे अर्धा सरला. बाकी अंगण पोपटासारखं हिरवं झालं आणि मधोमध दोन काळे पट्टे उघडे पडले. आधी नुसते चर होते, आता कुणी कोळशाने आखल्यासारखे दिसायला लागले. लाइल रोज वाकून बघायचा. एक काडी नाही.

समोरच्या घरातला आर्मां गान्यों एवढे दिवस खिडकीतून बघत होता. दोघांनी तीस वर्षं एकाच खाणीत ग्रॅनाइट कापलं होतं. आर्मां माणूस मदतीचा, पण त्याच्या मदतीबरोबर टोमणा फुकट. अखेर न राहवून तो रस्ता ओलांडून आला.

"काय रे, पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस घालणार आहेस?"

"बी खराब निघालं वाटतं," लाइल म्हणाला.

आर्मांने गॅरेजच्या दाराशी ठेवलेल्या दोन्ही पिशव्या पाहिल्या. उरलेल्या बियाण्याची एक, खताची रिकामी दुसरी. मग तो हसायलाच लागला.

"अरे शहाण्या, हे खत टाकून वर बी पेरलंस? हे काहीच उगवू देत नाही. ना तण, ना गवत. एका म्यानात दोन तलवारी घालतोस होय? एवढी वर्षं अंगण करतोस, आणि हे ठाऊक नाही?"

"पण दरवर्षी तर दोन्ही टाकतो," लाइल म्हणाला. त्याला खरंच कळेना. "बी आधी असतं की नंतर? थांब, मॅक्सीनला विचारतो."

आणि तो वळून स्वयंपाकघराच्या खिडकीकडे दोन पावलं गेलाही.

आर्मांचं हसू जागच्या जागी विरलं. लाइल खिडकीसमोर उभा राहिला. पडदा धुतलेला होता, आत कुणी नव्हतं. आता काहीतरी होईल असं त्याला वाटलं, पण काही झालं नाही.

"बी ऑगस्टमध्ये टाकायची ती," आर्मां म्हणाला. त्याचा आवाज खाली आला होता. "वसंतात खत, उन्हाळा सरताना बी. माझ्या बायकोलाही तिनेच शिकवलेलं."

त्याने तयार हिरवळीच्या गुंडाळ्या आणून अंथरायची तयारी दाखवली. शनिवारच्या आत सगळं झाकलं जाईल, म्हणाला. लाइल नको म्हणाला. झाकायचं त्याच्या मनातून का गेलं, हे आर्मांने विचारलं नाही आणि लाइललाही ठाऊक नव्हतं. बियाण्याची पिशवी दुकानात परत करू म्हणून त्याने ती ट्रकमध्ये टाकली आणि विसरून गेला.

शनिवारी ऊन होतं. पाद्रीबाबांनी थोडक्यात आटोपलं. शवपेटी खाली गेली तेव्हा कोरीन हुंदके देत होती आणि लाइल तिच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, लाकडाचा ठेवावा तसा. माणसं एकेक करून गाड्यांकडे गेली. दफनभूमीच्या माणसाने माती लोटून वर सारखी केली. आर्मां पुढे गेला, पाहुण्यांना हॅम आणि बटाट्याचं सॅलड वाढायला.

लाइल ट्रकपाशी आला आणि त्याला पिशवी दिसली. तो ती घेऊन परत फिरला.

"बाबा, काय करताय?" कोरीन मागून आली. "दफनभूमीवाले पेरतात की नंतर गवत. त्यांनी सांगितलंय."

"दफनभूमीवाल्यांना काय कळतंय? बी चांगलं आहे. माझीच माती बिघडली होती." तो मूठ मूठ बी फेकत होता, सारखं, हात फिरवून, तिला आवडायचं तसं. "इथे ते खत नाही. इथे येईल."

सगळं पेरून झालं. आता तुडवायचं. सवयीने त्याने पाय उचलला, आडवा धरला, आणि तो पाय तसाच राहिला.

खाली ती होती.

त्याने पाय मागे घेतला. मग सूट घातलेला तो म्हातारा खाली बसला, गुडघे मातीत टेकले आणि दोन्ही तळव्यांनी बी दाबायला लागला. डोक्याकडून सुरुवात केली. माती ओली होती, गार होती, तिच्यातले खडे टोचत होते. ते टोचणं त्याला कळलं. तळव्यांना कळलं, मनगटांना कळलं, आणि मग घशापर्यंत येऊन पोचलं. लाइल मोठ्याने रडायला लागला, पण हात थांबवले नाहीत, कारण दाबलं नाही तर पाखरं खातात.

कोरीनने बूट काढले आणि पलीकडच्या बाजूला बसून तीही दाबू लागली.

घरी जेवण थांबलं होतं. लोक कधीचे चाकोऱ्या ओलांडून आत गेले होते.

"रोज पाणी घालावं लागेल," लाइल नाक पुसत म्हणाला. "सकाळ-संध्याकाळ."

"मग याल ना?"

"येईन," तो म्हणाला, आणि पायांच्या बाजूची जागा राहिली होती तिकडे सरकला.