चंदेरी रंग

रेजान तळघरात चौथ्यांदा उतरली. घर तापवणाऱ्या बॉयलरवरच्या, दाब ठरवणाऱ्या करड्या डब्याचा स्क्रू तिने आणखी एक आटा पिळला. दाबाचा काटा आठावर गेला, बर्नर खाडकन विझला आणि पाईप कुणी आतून हातोडा मारावा तसे दणदणले.

वर, टोकाच्या खोलीत तिचा नवरा नॉर्माँ तीन रजयांखाली खोकत होता. भिंतीवरचा थर्मामीटर अठ्ठावन्न फॅरनहाइटवर. काल नर्स बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, "उद्या दहाला येते. या खोलीत अडुसष्ट दिसलं नाही, तर त्यांना शुश्रूषागृहात हलवायचा कागद भरावा लागेल. त्या फुप्फुसांना ही थंडी झेपायची नाही." आता सकाळचे पावणेआठ झाले होते.

"जाऊ दे ना मला तिकडे," नॉर्माँ म्हणाला. "तिथलं सूप तुझ्यापेक्षा बरं असेल."

"मग सूपच पाठव मला, तू इथेच राहा," म्हणत ती वळली. डोळे दिसू नयेत म्हणून.

शेवटी तिने शेजारच्या ऑरेल काकांचं दार ठोठावलं. एकेचाळीस वर्षं कापडगिरणीच्या बॉयलरवर काढलेला माणूस. स्लिपर आणि ओव्हरकोट अशाच अवतारात ते बर्फ तुडवत आले. काटा बघून त्यांनी कपाळावर हात मारला.

"आठ? अगं, गिरणी चालवायची आहे का तुला?"

"गरम होईना, म्हणून वाढवत गेले."

"सगळे हेच करतात. दाब चढला की बर्नर विझतो, मग कसली ऊब? घराला दीड पौंड दाब पुष्कळ झाला." त्यांनी स्क्रू उलटा फिरवत फिरवत खाली आणला. बॉयलरच्या काचेच्या नळीत उड्या मारणारं पाणी हळूहळू निवलं, बर्नर पुन्हा पेटला. "चल, आता वर."

जिना चढताना ते दोनदा थांबले. खोलीत आल्यावर त्यांनी वाफेवर तापणाऱ्या लोखंडी रेडिएटरवर तळवा ठेवला. पहिला कप्पा कोमट, बाकीचे दगडासारखे गार. मग कडेच्या, हवा सोडणाऱ्या बोटभर व्हेंटवर त्यांनी नखाने खरवडलं. चंदेरी रंगाचा पापुद्रा निघाला.

"याचं भोकच बुजलंय. आतली हवा बाहेर निघाली नाही, तर वाफ येऊन बसणार कुठे? हा रंग कुणी मारला?"

रजयांतून आवाज आला, "मी. ऑगस्टमध्ये. तिला चकचकीत आवडतं म्हणून."

रेजानला त्याला बदडावंसं वाटलं आणि त्याच्या शेजारी झोपावंसंही.

"दुसरा व्हेंट आहे घरात?" काकांनी विचारलं.

होता. खालच्या बैठकीत, जिथे ती रात्रभर विणत बसायची, तिथल्या रेडिएटरला. तिथे नॉर्माँचा रंग संपला होता. दोन्ही रेडिएटरच्या वाफेच्या झडपा बंद करून तिने पान्याने दोन्ही व्हेंट सोडवले आणि अदलाबदल केली. बोट भाजलं. बुजलेला खाली बसवला, चालता वर. काकांनी वरची झडप पूर्ण उघडली.

"अर्धी उघडी ठेवायची नाही. एक तर पूर्ण, नाहीतर बंद."

मग वाट पाहणं. नऊ वाजता एकसष्ट. काका खुर्चीत घोरत होते. सव्वानऊला व्हेंटमधून बारीक सुस्कारा सुरू झाला. ऊब दुसऱ्या कप्प्यात सरकली, मग तिसऱ्या. रेजान एकेक कप्पा बोटाने मोजत होती, जपमाळेचे मणी ओढावेत तशी. शेवटचा कप्पा अजून गारच होता. चौसष्ट.

दहाला पाच कमी असताना बाहेर गाडीचं दार आपटलं.

नर्स बाई खालच्या बैठकीत शिरल्या. त्यांच्या तोंडातून वाफ निघाली. "अजून असंच?" म्हणत त्यांनी कागद काढला.

"वर चला आधी," रेजान म्हणाली.

वर थर्मामीटर सदुसष्टवर होता. नर्स बाई पेनचं टोपण काढून उभ्या. नॉर्माँ खोकला, मग म्हणाला, "एवढ्या एका अंशासाठी बायको सोडू का?"

नर्स बाईंनी रेडिएटरच्या शेवटच्या कप्प्याला हात लावला आणि चटका बसताच झटकन मागे घेतला. मग पेनला टोपण लावलं आणि कोटाची बटणं सोडायला लागल्या.