धांदरट

कप हातातून निसटला आणि त्याचे तुकडे पार कपाटाखाली गेले. ती जागच्या जागी उभी राहून नेहमीच्या त्या एका शब्दाची वाट पाहू लागली. शब्द आलाच नाही. वडील हातातले कागद टाकून धावत आले, तिला धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः गुडघ्यांवर बसून तुकडे वेचू लागले.

"राहू दे, बाळा. कपच तर होता."

"बाबा, साबणाचा हात होता माझा. म्हणून निसटला."

"असू दे, असू दे."

बाळा! बाविसाव्या वर्षी ती एकदम बाळ झाली होती. त्याआधी आयुष्यभर ती या घरात 'धांदरट' होती. वडील छापखान्यात मुद्रितं तपासायचे. दिवसभर लोकांच्या चुका शोधायचा त्यांना पगार मिळे, आणि घरी आल्यावर तेच काम ते फुकट करत. त्यात लेक अशी, की नाकासमोर दूध उतू जातंय आणि ही डोळे उघडे ठेवून नुसती बघतेय. वाक्य अर्ध्यावर सोडायची आणि पुढचं विसरायची. "लागली हिची तंद्री," आई म्हणायची. वडील म्हणायचे, "धांदरट ती धांदरट!" तिलाही ते पटलं होतं. आपल्यातच काहीतरी कमी आहे, असं ती मनोमन धरूनच चालली होती.

मग गेल्या महिन्यात, ती काम शिकत होती त्या शिंप्याच्या दुकानात एका गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेता घेता ती कोसळली. गिऱ्हाईक इतकं घाबरलं, की तिचे हातपाय झटके देत होते तेवढा सगळा वेळ ते दोन्ही हात वर करून तसंच उभं राहिलं. हे तिला नंतर दुकानाच्या मास्तरांनी सांगितलं, तेव्हा ती दवाखान्याच्या खाटेवर हसली होती.

तपासण्या झाल्या. डॉक्टरीण तरुण होती, घाई न करता बोलणारी. म्हणाली, अपस्मार आहे. आणि लहानपणापासूनची ती तंद्री, तीही त्यातलीच. "तेवढे क्षण ही तिथे नसायचीच. तिचं लक्ष नव्हतं असं नाही."

तिला वाटलं होतं आपण रडू. पण पाठीवरून धान्याचं पोतं उतरवल्यासारखं तिला हलकं वाटलं. म्हणजे आपण मूर्ख नव्हतो. आळशी नव्हतो. त्या दुधाचा दोष आपल्याकडे नव्हता. वडील मात्र कागदावरच्या 'अपस्मार' या शब्दाकडे बघत बसले. त्यांनी आयुष्यभर शब्द तपासले, पण या शब्दात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं.

तेव्हापासून घरातून 'धांदरट' हद्दपार झाला. न्हाणीघराची कडी काढून टाकली, ते ठीकच होतं, डॉक्टरणीनेच सांगितलं होतं. पण मीठ जास्त पडलं तरी बाबा मुकाट्याने जेवत. ती कोपऱ्यावर पाव आणायला निघाली, की तेही पायात चपला सरकवून, काहीतरी काम काढून, चार हात मागून चालत. सगळे तिच्याशी असे बोलत, जणू घरात कुणी झोपलंय. ती आजारी आहे हे त्यांना कळलं होतं. पण ती अजून तीच आहे, हे कुणाच्या गावी नव्हतं.

आज ती पुन्हा दुकानात निघाली होती. आजारपणाच्या आधी मास्तर म्हणाले होते, पुढच्या महिन्यापासून तुला कापायला बसवतो. आता ते कात्री देतील, की काजं-बटणं करत बस म्हणतील?

मास्तर मशीनवरून उठलेही नाहीत. "आलीस? बरं झालं. आता मला सांग, परत झटका आला तर मी करायचं काय?"

"कुशीवर वळवायचं. डोक्याखाली काहीतरी मऊ. घड्याळ बघायचं, पाच मिनिटांच्या वर गेलं तर गाडी बोलवायची."

"तोंडात चमचा-बिमचा?"

"काही नाही घालायचं."

"म्हणजे माझ्याकडे कामच नाही," मास्तर म्हणाले. "इस्त्री मी इकडे माझ्याजवळ आणलीय. ती तू सध्या करायची नाहीस. स्टुलाऐवजी ही हातांची खुर्ची. कात्री तिथे आहे. मी समोर असेन तेव्हाच उचलायची. अस्तराच्या बाह्या काप."

एवढंच. ती वळून खडू शोधू लागली, कारण डोळे भरून आले होते.

दुपारपर्यंत दोन्ही बाह्या कापून झाल्या. मास्तरांनी त्या उचलल्या, एकमेकींवर ठेवल्या, उलटसुलट केल्या आणि चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"या दोन्ही डाव्या आहेत."

पुन्हा ती तंद्री लागली की काय? गोळी तर घेतली होती. मधला तुकडा हरवला का? ती आठवू लागली. रेडिओवर गाणं लागलं होतं. पहिलं कडवं, दुसरं कडवं, मग साबणाची जाहिरात. शेजारच्या दुकानाचं शटर वर गेलं. मास्तर दोनदा शिंकले. सगळं आठवत होतं, एक क्षणही गळला नव्हता. ती गाणं गुणगुणत होती, आणि एकेरी कापडावर नमुना दुसऱ्यांदा ठेवताना तो उलटा करायला विसरली होती.

"मास्तर, मी पूर्ण शुद्धीत होते."

"मग?"

"मग काही नाही. चुकलंच माझं." तिला हसू आवरेना.

"दात काय काढतेस? प्रत्येक कापणारा एकदा तरी हे करतो. दुसऱ्यांदा केलंस तर कापड तुझ्याकडून घेईन."

संध्याकाळी तिने त्या दोन बाह्या घरी नेऊन जेवणाच्या टेबलावर, बाबांच्या पुढ्यात ठेवल्या. काय झालं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"बरं वाटत नव्हतं का, बाळा?"

"छान वाटत होतं. गाणं म्हणत होते. बाबा, ही चूक माझी आहे. आजाराची नाही, माझी स्वतःची."

त्यांनी बाह्या जवळ ओढल्या. मुद्रित वाचावं तशा वरून खालपर्यंत निरखल्या, एकीवर एक ठेवल्या. मग नीट घडी घालून तिच्याकडे सरकवल्या आणि जेवायला लागले. आईने विषय बदलला. ती हिरमुसून झोपायला गेली.

सकाळी ती निघाली तेव्हा बाबा चपला घालून दारातच उभे होते. आता हे येणार मागून. तिने मागे न बघता झपाझप चालायला सुरुवात केली. कोपऱ्यापर्यंत पोचली असेल, तोच साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असा आवाज आला.

"धांदरट! डबा कोण नेणार?"

ती वळली. बाबा उंबऱ्यात होते, आणि त्यांनी उजवा हात वर धरला होता, त्यात डबा. एक पाऊलही ते पुढे आले नाहीत.

"आणून द्या ना," ती मुद्दाम ओरडली.

"मी नाही येणार. तुझी तू ये."

ती परत फिरली. डबा घेताना तिने खाली पाहिलं. बाबांनी चपला काढून ठेवल्या होत्या.