गादी खाली, साड्या वर

गुलमंडीतल्या आमच्या दुकानात साड्या वरच्या मजल्यावर आणि मालकांची गादी खाली. भाव कमी करायचा हक्क फक्त आप्पासाहेबांना. गिऱ्हाईक घासाघीस करायला लागलं की मी जिना उतरायचा, "किती सोडू?" विचारायचं, परत चढायचं. तोवर बाईला दुसरीच साडी आवडलेली असायची!

शेवटी मी चिडून म्हटलं, "मालक, थोडा भाव सोडायची मुभा आम्हाला द्या, नाहीतर गादी तरी वर आणा."

"मंजुषा, वडलांची गादी हाय ती. हलायची नाय."

त्याच दुपारी कन्नडहून लग्नाचा बस्ता बांधायला मंडळी आली. पहिल्याच शालूवर नवरीची आजी अडून बसली. मी म्हटलं, "आजी, भाव मालकच सोडतात."

"मग बोलव की त्याला वर! हे गुडघे घेऊन मी उतरू व्हय?"

बस्ता हातचा जाईल म्हणून आप्पासाहेब धावत आले. भाव ठरला. गल्ला उघडाच राहिला म्हणून लगेच खाली पळाले, तोच आजीनं दुसरा शालू उचलला. मग तिसरा.

चौथ्या खेपेला ते वरच्या पायरीवरच मटकन बसले.

"मंजुषा," धापा टाकत म्हणाले, "पाणी दे."

"माठ खाली आहे, मालक. तुमच्या गादीशेजारी."