मस्तिष्कानंदांचा काळा डाग

मानवाच्या पापाचं मूळ अखेर सापडलं, आणि तेही नाशकात! गंगापूर रोडवरच्या लग्नाच्या हॉलमध्ये, रविवारी सकाळी. दुपारनंतर सापडणं शक्य नव्हतं. हॉल साखरपुड्याला दिला होता.

मंचावर मस्तिष्कानंद महाराज, हातात कॅमेरा, मागे मोठा पडदा. खुर्चीत बसेल त्याचं डोकं पडद्यावर पिवळं-तांबडं उजळायचं आणि गर्दी हात जोडायची.

"पिवळा म्हणजे करुणा! तांबडा म्हणजे प्रेम!" महाराज गरजले. "काळा दिसला, तर समजा पुढचा मेंदू मेला. दया नाही, लाज नाही. विज्ञान यालाच समाजविघातक व्यक्तिमत्त्व म्हणतं!"

फूलवाली कलाबाई पंधरा वर्षांच्या साईला घेऊन वर चढली. त्याने शेजाऱ्याच्या गाडीचा आरसा फोडला होता. फुलांची टोपली त्याने आत्ताच डोक्यावरून दाराशी उतरवली होती.

पडद्यावर साईच्या डोक्यात, पुढच्या बाजूला, तळहाताएवढा काळा डाग उमटला.

पहिल्या रांगेतल्या बायांनी आपापली पोरं मांडीवर ओढली.

"आज आरसा, उद्या गळा," महाराज हळूच म्हणाले. "माझ्या केंद्रात पाच वर्षं ठेव, माई."

त्या केंद्रातली पोरं फार शांत होतात म्हणे. इतकी, की आईने हाक मारली तरी मान वळत नाही. बाहेर केंद्राची गाडी सुरूच होती. दोन शिष्यांनी साईचे दंड धरले.

"आई, मी नाय जाणार!"

"जा रे बाबा," कलाबाई रडत म्हणाली. "उद्या कुणाचा जीव घेतलास, तर मी कुठं जाऊ?"

"थांबा!" दाराजवळ बसलेल्या मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर फलक उठल्या. टोपलीखाली डोक्यावर ठेवायची कापडाची चुंबळ त्यांनी उचलून पिळली. पाणी निथळलं. "महाराज, ही जरा डोक्यावर ठेवता?"

"आम्ही सिद्ध आहोत!"

"मग भिता कशाला?" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

महाराज बसले. चुंबळ ठेवली, काढली. पडद्यावर काळा डाग! टक्कल असल्यामुळे साईपेक्षा ठसठशीत.

"हा कॅमेरा वरवरची उष्णता दाखवतो, मेंदू नाही," फलक म्हणाल्या. "फुलांवर मारलेलं पाणी चुंबळीत झिरपलं, तिथून केसांत. ओली जागा थंड, म्हणून काळी. मेंदूच्या रचनेचा अशा स्वभावाशी काही संबंध संशोधनात दिसतो, पण तो पुष्कळ माणसांच्या सरासरीत. खऱ्या स्कॅनवरूनही एकट्या माणसाला गुन्हेगार ठरवता येत नाही. आणि अठराच्या आतल्या मुलाला आम्ही हे निदान लावतच नाही."

शिष्यांचे हात सैल पडले. कलाबाईने साईला पोटाशी धरलं, मग एक धपाटाही घातला. "शेजाऱ्याचा आरसा तूच बसवून द्यायचास!"

"पडद्यावर काय दिसलं, यावर थांबू नका," फलक म्हणाल्या. "ते कशामुळे दिसलं, तेही विचारा."

टाळ्या पडल्या. त्या थांबताच मागच्या रांगेतले कोंडाजी अदबीने उभे राहिले.

"डॉक्टरबाई, अगदी पटलं. फक्त यंत्र बंद करायच्या आधी आमच्या जावयाचं तेवढं बघून घ्या."